होळीच्या आधीचे दोन रविवार आणि आमचा कूलर

फेब्रुवारी संपता संपता आमच्या घरात रोज रात्री एकच प्रश्न निघतो. पंखा पाचवर असतो, तरी धाकटी पायाने चादर ढकलते आणि म्हणते, "आई, कूलर काढायचा का?" सगळे "हो, काढायला पाहिजे" म्हणतात आणि कूस बदलून झोपतात. असे पंधरा दिवस जातात. मग मार्चमधली एक दुपार अशी उगवते की पश्चिमेच्या भिंतीला टेकवत नाही, आणि त्या दिवशी अख्ख्या अकोल्याला एकदम कूलर आठवतो. मिस्त्री फोन उचलत नाही, उचलला तर "ताई, उद्या येतो ना, पक्का" म्हणतो. हा 'उद्या' एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतो.

मी जठारपेठेत राहते आणि एका पतसंस्थेत हिशेब बघते. मार्च एंडिंगला आमच्याकडे थकीत कर्जांची वसुली, ठेवींवरचं व्याज, पिग्मी एजंटांचे न जुळणारे आकडे हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यात थोरल्याची परीक्षा, सासूबाईंच्या कुरडया आणि यांची फिरतीची ड्यूटी. अशा महिन्यात रात्री झोप झाली नाही की सकाळी घरात भांड्याला भांडं लागतंच. म्हणून गेली काही वर्षं मी कूलर होळीच्या आधीच्या दोन रविवारी स्वतः काढते. मिस्त्री लागलाच तर त्या वेळी तो रिकामा असतो, गवतही मुबलक असतं.

सासूबाईंना हे पटत नाही. "काय वं, होळी तं जळू दे आधी. आतापासून कूलर कायले?" होळी जळाली, थंडी पळाली, हे मलाही पाठ आहे. पण काढणं वेगळं आणि लावणं वेगळं, असं सांगून मी गच्चीवर जाते.

खाली जे सांगते ते लोखंडी, चौकोनी, तीन बाजूंनी गवताच्या ताट्या असलेल्या साध्या डेझर्ट कूलरचं आहे. प्लास्टिकच्या कूलरला गंज सोडून बाकी सगळं तसंच लागू आहे. मुंबई-कोकणातल्यांनी मात्र गमतीखातर वाचावं. तिथल्या दमट हवेत कूलर म्हणजे अंगाला चिकटणारा ओला पंखा.

पहिला रविवार: उघडा आणि बघा

वर्षभर झाकलेला कूलर उघडताना हातात एक लांब झाडू ठेवा आणि लहान मुलांना लांब ठेवा. आमच्या कूलरमधून आजवर निघालेला ऐवज: टेनिसचे चार बॉल, उंदराने केलेलं कापसाचं घरटं, एक पाल, आणि दिवाळीत हरवलेली पक्कड. उंदराचं घरटं दिसलं तर आधी वायरी बघायच्या. उंदराला वायरीचं प्लास्टिक का आवडतं देव जाणे, पण मोटारीकडे जाणारी वायर दोनदा कुरतडलेली सापडली आहे.

ताट्या काढून जुनं गवत सरळ फेकून द्या. "अजून एक सीझन चालेल" हा मोह मलाही होतो. पण जुन्या गवतात क्षार आणि धूळ बसून त्याची पेंड झालेली असते. त्यातून वारा जात नाही, पाणी एकाच ओघळाने खाली येतं, आणि पहिल्या रात्री घरभर मासळी बाजारासारखा वास सुटतो. एका वर्षी शंभर-दीडशे रुपये वाचवायला गेले आणि थोरला उशी घेऊन गच्चीवर झोपायला गेला.

मग टाकीचा तळ. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर मे महिन्यात रात्री दोन वाजता फरशीवर तळं होतं. गंजाचे पोपडे पत्र्याच्या तुकड्याने किंवा जुन्या उलथन्याने खरवडा, पॉलिशपेपर मारा, टाकी धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. मग टाकी उजेडाकडे धरून आतून बघा. जिथे टाचणीएवढा उजेड दिसेल तिथे एम-सील दाबून बसवायचं. त्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज धरू न देणाऱ्या रंगाचा, हात आणि तो वाळल्यावर तळाला काळा डांबरी रंग. रंगाला पूर्ण वाळायला वेळ द्या. ओल्या रंगावर पाणी भरलं तर वरचा तवंग आठ दिवस जात नाही आणि हवेला रॉकेलसारखा वास येतो. म्हणूनच मी दोन रविवार म्हणते. मधला आठवडा रंगाचा.

करंट: इथे घाई नको

आता थोडं सावकाश वाचा.

2019 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे एक मिस्त्री आला होता. अर्ध्या तासात पंप बदलला, पैसे घेतले, गेला. संध्याकाळी धाकटी आंघोळ करून तशीच ओल्या पायांनी कूलरसमोर उभी राहिली, जाळीला हात लावला आणि हात झटकून म्हणाली, "आई, कूलर चावतो." मी टेस्टर लावला तर पत्र्यावर लाल दिवा. लगेच मेन स्विच पाडला, मगच कूलरला हात लावला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमनने येऊन उघडलं, तर तीन गोष्टी निघाल्या. नव्या पंपाची वायर आखूड पडली म्हणून तिला जोड दिला होता आणि टेप गुंडाळलेला तो जोड टाकीच्या पाण्यात लोंबकळत होता. तीन पिनची टॉप, म्हणजे प्लग, काढून दोन पिनची लावली होती. आणि हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापून आत दुमडून ठेवली होती. यातली एकच गोष्ट चुकली असती तर कदाचित निभावलं असतं. तिन्ही एकत्र आल्या की काय होतं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने कोणी तरी गेल्याची बातमी पेपरात असते, आणि पाणी भरताना गेल्याची हमखास.

तेव्हापासून माझे नियम असे आहेत आणि त्यात सासूबाईंचंही ऐकत नाही.

पंपाची वायर सलग हवी, जोड नको. जोड टाळताच येत नसेल तर तो टाकीच्या बाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर आणि पाण्याचे तुषार उडणार नाहीत अशा जागी बांधून घ्या. टॉप तीन पिनचीच. हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेली हवी. जिथे स्क्रू बसतो तिथला रंग खरवडा, नाही तर वायर रंगाला लागते, लोखंडाला लागत नाही. पहिल्या रविवारी सगळं रंगवून काढलेलं असतं, त्यामुळे ही चूक नेमकी उत्साही माणसाकडूनच होते. मी केली आहे.

पण कूलरची अर्थिंग नीट असून भागत नाही, भिंतीतल्या बोर्डाला ती असावी लागते. जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे काही जोडलेलंच नसतं. हे तपासायचं काम वायरमनचं, आपलं नाही. तो आलाच आहे तर मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंटची गळती झाली की ती क्षणात लाइन तोडते. माझ्या मते घरात नवा कूलर घ्यायच्या आधी हा खर्च करावा.

आणि रोजचा नियम: पाणी भरायचं तर आधी बटण बंद, मग टॉप बाहेर, मग पायात चप्पल, मग बादली. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण बटणाची वायरिंग उलटी असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. हा क्रम धाकटीने गाण्यासारखा पाठ केला आहे. घरात पाहुणा कूलरजवळ गेला तरी ती म्हणून दाखवते.

मोटार आणि पंप

पंखा हाताने फिरवून बघा (टॉप काढलेली असताना). जड वाटत असेल किंवा किरकिरत असेल तर बुशमध्ये, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब. खोबरेल सोडू नका, ते धूळ धरून बसतं. मोटार बेअरिंगची असेल तर तेल लागत नाही, आवाज येत असेल तर बेअरिंगच बदलावं लागतं.

मोटार नुसती 'हूं' करते आणि फिरत नाही, किंवा वेग घ्यायला मिनिटभर लावते, तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष कंडेन्सरचा, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा जोर देणाऱ्या कपॅसिटरचा असतो. मिस्त्री "मोटार जळाली" म्हणाला तर आधी कंडेन्सर बदलून बघायला सांगा. जुन्यावर आकडा छापलेला असतो, आमच्यावर 4 एमएफडी (मायक्रोफॅरड) आहे. नवा त्याच आकड्याचा घ्यायचा, मोठा घेतला म्हणजे जास्त वारा असं नसतं. आणि काढताना त्याच्या दोन टोकांना एकदम बोटं लावू नका, लाइन बंद असली तरी त्यात चार्ज राहतो.

पंप बादलीत बुडवून बघा, कधीही कोरडा चालवू नका. पाणी वर चढत नसेल तर तो बिघडला असेलच असं नाही. खालचं झाकण नखाने उघडतं, आतलं छोटं पातं चुंबकाने धरलेलं असतं, ते ओढून काढा. बहुतेक वेळा तिथे गवताची काडी किंवा पांढरा क्षार असतो. अर्धा तास लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बसवताना पंपावर थोरल्याचा जुना नायलॉनचा मोजा चढवते, धुतलेला. गवताच्या काड्या त्याच्यात अडकतात आणि पंप बंद पडत नाही.

क्षाराचं मला जरा जास्त कळतं, कारण माहेर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातली ती अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेली पट्टी, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे कूलरला विहिरीचं पाणी घातलं तर महिन्याभरात ताट्यांवर मिठागरासारखा थर येतो आणि गवत पापडासारखं मोडतं. शहरात बोअरच्या पाण्याचं थोड्या फरकाने तेच. शक्य असेल तर नळाचं पाणी घाला. बोअरचंच घालावं लागत असेल तर दर आठ दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, आणि त्यावर आपण पुन्हा क्षाराचंच पाणी ओततो. व्याजावर व्याज लागतं तसं हे वाढत जातं.

दुसरा रविवार: गवत, आणि कुरडयांचं प्रकरण

नवं गवत आणलं की आधी बादलीत बुडवून पिवळं पाणी काढून टाका. मग हाताने मोकळं करा, हातमोजे घाला, काड्या बोटांत शिरतात. ताटीवर सगळीकडे सारखं, साधारण दीड बोट जाडीचं पसरा. जाड भरलं म्हणजे जास्त गार, हा गैरसमज आहे. जाड गवतातून पंख्याला हवा ओढता येत नाही. वरच्या कडेला मात्र मूठभर जास्त कोंबा, कारण ओलं झालं की गवत खाली बसतं आणि वर चार बोटांची फट पडते. त्या फटीतून गरम हवा सरळ आत येते, आणि आपण म्हणतो, यंदा कूलर गार करत नाही.

वाळा महाग पडतो म्हणून मी एकाच ताटीला लावते, पश्चिमेच्या. पहिल्या संध्याकाळी पाणी सोडलं की येणारा तो वास म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्याची एकमेव चैन. हनीकोंबच्या जाड जाळ्या बसवल्या तर दरवर्षी गवताची कटकट नाही, काही सीझन टिकतात, पण त्यांना चांगलं पाणी लागतं. माहेरी लावल्या होत्या, एका उन्हाळ्यात ठिसूळ झाल्या.

आता कुरडया. गव्हाचा चीक तयार व्हायला गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. म्हणजे सासूबाई गुरुवारीच ठरवतात की रविवारी कुरडया, आणि मला ते रविवारी सकाळी कळतं. गेल्या वर्षी त्यांनी गच्चीच्या पूर्वेला जुन्या साडीवर कुरडया घातल्या आणि मी पश्चिमेला गवत मोकळं करून वाळत टाकलं. साडेदहापर्यंत दोन्ही पक्ष सुखात होते. अकराला वारा सुटला, तोही पश्चिमेकडून. ओल्या कुरडईवर कूलरच्या गवताची काडी बसली की ती निघत नाही, कारण चीक म्हणजे खळच. आम्ही दोघी आणि धाकटी, डोक्यावर दुपट्टा बांधून, भुवयांच्या चिमट्याने दुपारी एकपर्यंत काड्या वेचत होतो. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त होतं. वर्षभर कुरडया तळल्या की पहिली कुरडई त्या उजेडाकडे धरतात आणि माझ्याकडे बघतात.

तेव्हा: गवत अंगणात, वाळवण गच्चीवर. आणि गहू भिजत घातले का, हे गुरुवारी विचारून घ्या.

कूलर कुठे, दार किती उघडं

कूलर खोलीच्या आत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. आत ठेवला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि दोन तासांनी अंथरूण दमट होतं. खिडकीच्या बाहेर, स्टँडवर, तोंड आत आणि तिन्ही ताट्या बाहेरच्या हवेला. ताटी आणि भिंत यांच्यात निदान हातभर जागा सोडा. वर हिरवी जाळी किंवा जुना फ्लेक्स बांधून सावली करा, पण ताट्या झाकू नका.

बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून येते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. एक लिटर पाणी उडायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात. मी हिशेबाची माणूस, म्हणून मांडून बघितलं: तासाला पाच लिटर उडालं तर ती उष्णता जवळपास एक टनाच्या एसीने ओढलेल्या उष्णतेइतकी होते. आणि वीज? आमची मोटार आणि पंप मिळून 200 वॉटच्या आसपास. दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या घरात जातो. बिलाचा 300 युनिटचा टप्पा ओलांडला की काय होतं ते ज्याने बिल भरलंय त्याला ठाऊक आहे.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट असते. आणि इथेच आमच्या घरात दर मार्चमध्ये महाभारत होतं. मी समोरचं दार वीतभर उघडं ठेवते. सासूबाई येता-जाता लावून घेतात. "गार हवा सारी बाहीर चालली, लाव ते दार." त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, हीच अडचण. शेवटी वाद न घालता मी दाराच्या वरच्या खिट्टीला ओढणी बांधली. कूलर सुरू केल्यावर ओढणी बाहेरच्या दिशेला फडफडली पाहिजे. लोंबकळत राहिली तर दार आणखी उघडा. नुसती बाहेरच्या बाजूला हलत असली तरी चालेल. सासूबाईंना वाक्य पटलं नाही, ओढणी पटली. आता त्या स्वतःच पलंगावरून सांगतात, "पाह्य बरं, हालत नाही ते."

सुरू करताना आधी दहा मिनिटं फक्त पंप, गवत भिजलं की मग पंखा. उलटं केलं तर पहिला झोत धुळीचा असतो. सकाळी बंद करताना उलट क्रम: आधी पंप बंद, पंधरा मिनिटं नुसता पंखा. गवत सुकतं आणि वास धरत नाही. अवकाळी पावसाचं आभाळ आलं, हवा चिकट झाली, तर त्या रात्री पंप लावूच नका. आणि स्वयंपाकघराच्या दिशेला कूलरचा झोत जात असेल तर पापड-कुरडयांचे डबे घट्ट लावा, नाही तर तोही दोष सुनेवर येतो.

पाणी कोण भरणार

माझ्या मते कूलरमधला सगळ्यात अवघड भाग मोटार नाही, बादली आहे. आमची टाकी 60 लिटरची. रात्री नऊला भरली तर पहाटे चार-पाचपर्यंत पुरते. 60 लिटर म्हणजे 15 लिटरच्या चार बादल्या. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी आमच्या नळाला तीन-चार दिवसांआड येतं, त्यामुळे प्रत्येक बादलीला हिशेब आहे. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कूलरला घालू नका, मी प्रयोग केलाय, तिसऱ्या दिवशी शेवाळ आणि वास.

पहिली दोन वर्षं पाणी मीच भरायचे, रात्रीची भांडी झाल्यावर, आणि मनातल्या मनात सगळ्यांना बोलायचे. मनातल्या बोलण्याने बादली भरत नाही. मग कागदावर पाळी लिहिली. सोमवार-गुरुवार थोरला, मंगळवार-शुक्रवार मी, बुधवार-शनिवार धाकटी (अर्ध्या बादल्यांनी, आठ खेपा), आणि रविवारी हे, घरी असले तर. परीक्षा असली तरी पाळी चुकत नाही. चार बादल्यांना आठ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. गच्चीवरच्या टाकीतून पाइप आणून बॉल कॉक (कूलर भरला की पाणी आपोआप थांबवणारा) बसवला तर हे सगळं मिटतं, पण मग वरची टाकी कधी रिकामी होते ते कळत नाही आणि सकाळी नळाला पाणी नसतं. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांनी खुशाल बसवावा.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी, घासून, कोरडी. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. अंडी पाण्याच्या कडेला पत्र्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात. म्हणून काथ्याने पाण्याची रेघ असते तिथे घासायचं. काढलेलं पाणी झाडांना. बोअरचं असेल तर तुळशीला नको.

ऑफिसातला कूलर

हा आपल्या हातात नसतो, म्हणून थोडक्यात. आमच्या संस्थेत एकच जंबो कूलर, तोंड साहेबांच्या केबिनकडे. बाकी काउंटरवर त्याचा फक्त आवाज येतो. एका मार्च एंडिंगला तो वळवून आमच्याकडे केला, तर व्हाउचरं उडाली आणि जी उडाली नाहीत ती ओलसर होऊन एकमेकांना चिकटली. बाजूला एक खिडकी होती, ती कित्येक वर्षं उघडलेली नव्हती कारण तिच्यासमोर जुन्या रजिस्टरांचं कपाट होतं. शिपायाने आणि मी मिळून कपाट दीड हात सरकवलं, खिडकी उघडली, आणि कूलर न वळवताच हवा आमच्या बाजूने वाहू लागली. तुमच्या ऑफिसात कूलरवरून भांडण असेल तर आधी बंद खिडकी शोधा, मग साहेबांशी बोला.

शेवटचं काम

कूलरच्या एका ताटीच्या आतल्या बाजूला मी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटवते. स्केचपेनने वर्षाचा हिशेब: गवत कधी बदललं, कंडेन्सर किती एमएफडीचा, पंप कोणत्या साली घेतला, भोक कुठे बुजवलं. पुढच्या फेब्रुवारीत उघडलं की मिस्त्रीच्या आधी मलाच माहीत असतं.

यंदाच्या कागदावर लिहिलंय: पंप साफ. मोजा नवीन. अर्थिंग वायरमनकडून तपासली. मागच्या ताटीची खिट्टी तारेने बांधली. डावं पुढचं चाक, बदलायचं आहे.

चाकाची ओळ गेल्या चार कागदांवर आहे. सध्या तिथे वीट आहे.